वेपॉइंटची उंची चुकते तेव्हा: आर्डूप्लेनवरील छंद-विमानाच्या तपासणीचा क्रम

फोमच्या छोट्या विमानात ऑटोपायलट बसवून पहिली काही मिशन (नकाशावर आधी ठरवलेल्या ‘वेपॉइंट’ नावाच्या बिंदूंवरून होणारी स्वयंचलित उड्डाणे) उडवणाऱ्यांना दिशेपेक्षा उंचीचा त्रास अधिक होतो. विमान नकाशावरील रेषा सोडत नाही, वळणेही ठरल्या जागी घेते, पण १०० मीटर मागितलेले असताना ७० मीटरवरून निघून जाते किंवा कारण नसताना वर वर चढत राहते. अशा वेळी बहुतेक नवखे लगेच ट्यूनिंगचे पॅरामीटर बदलू लागतात. त्यातून मूळ दोष तसाच राहतो आणि वर दोन नवे दोष तयार होतात.

माझे आग्रहाचे सांगणे असे आहे की, एकही पॅरामीटर बदलण्यापूर्वी चूक आकड्यात मांडावी. किती मीटरची चूक झाली, ती वर झाली की खाली, आणि ती संपूर्ण उड्डाणभर होती, फक्त चढताना होती की वेगाबरोबर वाढत गेली, या तीन गोष्टी कागदावर लिहिल्या की बहुतेक वेळा कारण त्या आकड्यातूनच कळते. पुढील विवेचन आर्डूपायलटच्या आर्डूप्लेन या फर्मवेअरवर (ऑटोपायलटमधील प्रणालीवर) चालणाऱ्या आणि मिशन प्लॅनर हा संगणक-प्रोग्राम वापरून मिशन आखलेल्या विमानाला धरून आहे. इतर ऑटोपायलटमध्ये नावे वेगळी असतात, पण तपासणीचा क्रम हाच ठेवावा.

पहिली पायरी: उंची कोठून मोजली जात आहे?

वेपॉइंटला दिलेला १०० हा आकडा एकटा अपुरा असतो. तो कशापासून मोजायचा हे सांगणारी एक खूण प्रत्येक वेपॉइंटबरोबर साठवलेली असते. ‘रिलेटिव्ह’ म्हणजे होमपासून (विमान जेथे आर्म केले, म्हणजे मोटर चालू होण्यास मोकळी केली, त्या जागेपासून), ‘ॲब्सोल्यूट’ म्हणजे समुद्रसपाटीपासून आणि ‘टेरेन’ म्हणजे त्या ठिकाणच्या जमिनीपासून. मिशन प्लॅनरच्या ‘प्लॅन’ पानावर ही निवड वर एका यादीत दिसते, आणि अलीकडील आवृत्त्यांत प्रत्येक ओळीला स्वतःचा ‘फ्रेम’ रकाना असल्यामुळे एकाच मिशनमध्ये दोन प्रकारचे वेपॉइंट मिसळलेले असू शकतात. जुने मिशन उघडून त्यात नव्या ओळी जोडल्या की असे हमखास घडते.

पुण्याची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ५६० मीटर आहे. तेथे एखाद्या वेपॉइंटला चुकून ‘ॲब्सोल्यूट १००’ दिले, तर ऑटोपायलटच्या दृष्टीने ते लक्ष्य मैदानाच्या ४६० मीटर खाली जाते आणि विमान निमूटपणे जमिनीकडे उतरू लागते. उलट, कोकणात किंवा गोव्यात समुद्रालगतच्या मोकळ्या जागेवर हीच चूक केली तर फरक पाच-दहा मीटरचाच पडतो आणि तो कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून किनाऱ्यावर अनेकदा व्यवस्थित उडालेली मिशन फाइल घाटावर नेताना ती निर्दोष आहे असे गृहीत धरू नये. चुकीचा आकडा तुमच्या मैदानाच्या समुद्रसपाटीपासूनच्या उंचीशी जुळत असेल, तर दोष येथेच आहे आणि पुढच्या पायऱ्यांकडे जाण्याची गरज नाही.

खात्री करण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे मिशन फाइल साध्या मजकूर-संपादकात उघडणे. पहिल्या ओळीत फाइलचा प्रकार असतो आणि त्यानंतर प्रत्येक वेपॉइंटची एक ओळ येते. त्या ओळीतील पहिला आकडा अनुक्रमांक, दुसरा चालू असल्याची खूण आणि तिसरा आकडा म्हणजे हीच फ्रेम. तेथे ० असेल तर उंची समुद्रसपाटीपासून, ३ असेल तर होमपासून आणि १० असेल तर जमिनीपासून मोजली जाईल. चौथा आकडा आज्ञेचा असतो, त्यात १६ म्हणजे साधा वेपॉइंट आणि २२ म्हणजे टेकऑफ. ओळीच्या शेवटून दुसरा आकडा उंचीचा. सर्व ओळींवरून नजर फिरवून तिसऱ्या रकान्यात वेगळा आकडा कोठे घुसला आहे हे पाहायला अर्धे मिनिटही लागत नाही. होमच्या म्हणजे शून्य क्रमांकाच्या ओळीत मात्र ० असणे स्वाभाविक आहे.

याच पायरीवर आणखी तीन गोष्टी पाहून घ्याव्यात. मिशन प्लॅनरच्या सेटिंगमध्ये उंचीचे एकक मीटर आहे की फूट, हे एकदा डोळ्यांनी पाहावे. मागितलेली आणि मिळालेली उंची यांचे गुणोत्तर ३.२८ च्या जवळ असेल, तर दुसरे कारण शोधू नये. दुसरी गोष्ट ‘व्हेरिफाय हाइट’ या चौकटीची. तिच्यात खूण असेल तर मिशन प्लॅनर जमिनीच्या चढउतारानुसार वेपॉइंटचे आकडे स्वतःच बदलून लिहितो, आणि हा हिशेब प्लॅनरमधील होमला धरून होतो. मिशन घरी बसून आखले आणि होमची खूण घराच्या गच्चीवरच राहिली, तर मैदानावरील प्रत्येक वेपॉइंटमध्ये घर आणि मैदान यांच्या उंचीतील फरक शिरतो. तिसरी गोष्ट अशी की, पडद्यावर केलेला बदल ‘राइट’ बटण दाबेपर्यंत विमानात पोहोचत नाही. ‘राइट’ केल्यावर ‘रीड’ करून विमानात प्रत्यक्षात काय साठवले गेले ते परत वाचावे. ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत एक धोका आपल्या देशात विशेष मोठा आहे. उपग्रहांवरून मिळणारी मूळ उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून मोजलेली असते, आणि समुद्रसपाटीचा खरा पृष्ठभाग या लंबगोलाशी सर्वत्र जुळत नाही. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंद महासागरात तो सुमारे १०६ मीटर खाली जातो, हे जगातील सर्वांत मोठे खालचे विचलन आहे, आणि महाराष्ट्रातही हा फरक ५० मीटरहून अधिक आहे. साधा जीपीएस मॉड्यूल ही दुरुस्ती स्वतः करून समुद्रसपाटीचा आकडा देतो. पण सर्वेक्षणाच्या उपकरणातून किंवा आरटीकेच्या (अतिअचूक जीपीएस पद्धतीच्या) फाइलमधून घेतलेली लंबगोलावरची उंची ‘ॲब्सोल्यूट’ म्हणून जशीच्या तशी भरली, तर आपल्याकडे विमान मागितल्यापेक्षा तितकेच खाली उडते. खालच्या दिशेने पन्नास-साठ मीटरची ठाम, न बदलणारी चूक दिसली की आकडे कोठून घेतले होते ते आधी आठवावे. नवख्यांनी तर ‘ॲब्सोल्यूट’ वापरूच नये असे माझे स्पष्ट मत आहे. आर्म करताना जीपीएसची उभी मापे १५ मीटर चुकलेली असली, तर होमची नोंदवलेली उंचीही १५ मीटर चुकते आणि ‘ॲब्सोल्यूट’ वेपॉइंट तितकेच सरकतात. ‘रिलेटिव्ह’ वेपॉइंटांना मात्र याचा उपद्रव होत नाही.

‘रिलेटिव्ह’ची मर्यादाही ध्यानात ठेवावी. होमपासून १०० मीटर उंची म्हणजे सर्वत्र जमिनीपासून १०० मीटर नव्हे. सह्याद्रीच्या पायथ्याशी होम असेल आणि मिशन डोंगराकडे जात असेल, तर ऑटोपायलट अचूक काम करत असतानाही विमान उतारावर आदळू शकते. पठाराच्या कडेवरून उडवताना उलटे होते: विमान दरीवर गेले की जमिनीपासूनची उंची एकदम वाढते, आणि २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार ग्रीन झोनमध्ये (पूर्वपरवानगीशिवाय उडवता येणाऱ्या क्षेत्रात) असलेली जमिनीपासून १२० मीटरची मर्यादा नकळत ओलांडली जाते. अशा जागी ‘टेरेन’ वापरावे, पण त्यासाठी भूपृष्ठाची माहिती विमानातील मेमरी कार्डवर आधीच उतरलेली असली पाहिजे. ती माहिती बहुतांशी फेब्रुवारी २००० मधील अवकाशयानावरील रडार मोजणीतून आलेली आहे. त्यानंतर उभे राहिलेले मनोरे आणि इमारती तिच्यात नाहीत, म्हणून टेकडीवर ४० मीटरचे अंतर ठेवून उडण्याचे धाडस तिच्या भरवशावर करू नये.

दुसरी पायरी: लॉगमधील तीन रेषा

मिशन फाइल निर्दोष निघाली तर उड्डाणाचा लॉग (ऑटोपायलटने साठवलेली उड्डाणाची नोंद) उघडावा. येथे तीन रेषा एकाच आलेखावर काढायच्या आहेत: ‘टेक्स’ या (उंची आणि वेग सांभाळणाऱ्या नियंत्रकाच्या) नोंदीतील ‘एचडेम’, म्हणजे नियंत्रकाने त्या क्षणी मागितलेली उंची; त्याच नोंदीतील ‘एच’, म्हणजे आपण इतक्या उंचीवर आहोत असे ऑटोपायलटला वाटणारी उंची; आणि ‘जीपीएस’ नोंदीतील ‘ऑल्ट’. शेवटची रेषा समुद्रसपाटीपासूनची असल्याने ती मैदानाच्या उंचीइतकी वर दिसेल, त्यामुळे तिचा आकडा न पाहता आकार पाहावा.

‘एच’ ही रेषा ‘एचडेम’ला सोडून चालत असेल, तर ऑटोपायलटला आपली उंची ठाऊक आहे पण विमान तेथे पोहोचू शकत नाही, हा नियंत्रणाचा किंवा शक्तीचा प्रश्न आहे. या दोन रेषा एकमेकींना चिकटून असतील आणि जीपीएसची रेषा मात्र त्यांच्यापासून हळूहळू किंवा धक्क्याने दूर जात असेल, तर ऑटोपायलट आपले काम नीट करत आहे आणि त्याला मिळणारी उंचीच खोटी आहे. हा सेन्सरचा प्रश्न आहे. जीपीएसची उभी मापेही काही मीटर इकडेतिकडे होत असतात, म्हणून दोन-तीन मीटरच्या फरकावरून निष्कर्ष काढू नये. ही विभागणी झाल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही, कारण सेन्सरच्या दोषावर ट्यूनिंगचा कोणताही उपाय चालत नाही.

तिसरी पायरी: बॅरोमीटर

आर्डूप्लेन उंचीसाठी मुख्यतः बॅरोमीटरवर, म्हणजे हवेच्या दाबावरून उंची काढणाऱ्या सेन्सरवर, अवलंबून असते आणि तसेच असू द्यावे. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने बदलला तर उंचीत किनाऱ्यावर साधारण साडेआठ ते पावणेनऊ मीटरचा आणि पुण्यासारख्या उंचीवर नऊ मीटरहून थोडा अधिक फरक पडतो. म्हणजे फ्यूजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) आतील दाबात होणारी अगदी किरकोळ हालचालही वेपॉइंटच्या उंचीत उमटते.

वेगाबरोबर वाढणारी चूक याच कारणाने होते. मोटर आणि बॅटरी थंड राहावी म्हणून नाकाशी मोठे छिद्र ठेवले आणि मागे हवा बाहेर जायला पुरेशी वाट दिली नाही, तर उड्डाणात आतला दाब वाढतो, बॅरोमीटर विमान खाली आहे असे सांगतो आणि ऑटोपायलट ते वर चढवतो. छिद्रे उलट प्रमाणात असतील किंवा कॅनोपीच्या (धडावरील झाकणाच्या) फटीवरून वाहणारी हवा आतली हवा ओढून घेत असेल, तर आतला दाब घटतो आणि विमान खरोखर खाली उडू लागते. हा प्रकार जास्त घातक आहे. सेकंदाला २० मीटर वेगाला हवेचा पूर्ण आघात-दाब सुमारे अडीच हेक्टोपास्कल होतो. तो सगळा आत शिरला तर चूक २० मीटरच्या घरात जाते.

याची चाचणी घरच्या टेबलावर करता येते. आधी प्रॉपेलर काढून ठेवावा. विमान मिशन प्लॅनरला जोडून, कॅनोपी उड्डाणात असते तशीच बंद करून, ‘स्टेटस’ पानावरील ‘प्रेस ॲब्स’ हा दाबाचा आकडा पाहावा. उंचीचा आकडा पाहू नये, कारण विमान आर्म केलेले नसताना आणि जीपीएसला स्थान सापडलेले असताना ऑटोपायलट दर काही सेकंदांनी उंची पुन्हा शून्यावर आणत असतो आणि चाचणी फसते. आता समोरून टेबलफॅन पूर्ण वेगाने सोडावा, मिनिटभर आकड्याची सरासरी मनात धरावी, मग पंखा बंद करून पुन्हा पाहावे. आकडा ०.१ हेक्टोपास्कलइतका सरकला तर तो थोडाच वाटेल, पण आघात-दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. पंख्याचा वारा सेकंदाला ५ मीटर धरला आणि विमान १५ मीटर वेगाने उडत असेल, तर तोच परिणाम नऊपट होऊन आठ-नऊ मीटरची चूक देतो.

उपाय फारसा खर्चिक नाही. बॅरोमीटरच्या छिद्रावर मऊ, सच्छिद्र स्पंजचा तुकडा हलकेच बसवावा, तो दाबून चिकटवू नये. हवा आत येण्याच्या वाटेपेक्षा बाहेर जाण्याची वाट थोडी मोठी ठेवावी, ती कॅनोपीच्या वरच्या फुगीर भागावर काढू नये, आणि फ्लाइट कंट्रोलर (ऑटोपायलटचा बोर्ड) हवेच्या थेट झोतातून बाजूला घ्यावा. प्रत्येक बदलानंतर पंख्याची चाचणी पुन्हा करावी. स्पंजाने प्रकाशही अडतो, आणि ते आवश्यक आहे: काही प्रचलित बॅरोमीटर सेन्सरवर थेट ऊन पडले की त्यांचे माप उडी मारते. पारदर्शक कॅनोपीच्या विमानात वळण घेताना ऊन आत शिरते आणि उंची नेमकी त्याच वळणावर चुकते. लॉगमध्ये अशी चूक दिशेशी बांधलेली दिसली की कॅनोपीला आतून काळा कागद लावून पाहावा.

हळूहळू वाढणारी चूक वेगळी. तिचे एक कारण तापमान: सावलीत चालू केलेला बोर्ड उन्हात तापत जातो आणि माप सरकते. विमान उडवायच्या जागीच काही मिनिटे चालू ठेवून, तापमान स्थिरावल्यावर आर्म करावे. दुसरे कारण हवामानाचे आहे आणि उष्ण कटिबंधात ते रोजचे आहे. हवेचा दाब सकाळी दहाच्या सुमारास सर्वाधिक असतो आणि दुपारी चारच्या सुमारास तळ गाठतो. दोहोंतला फरक साधारण ३ ते ४ हेक्टोपास्कल असतो. म्हणजे दुपारच्या वेळी तासाभरात सुमारे पाच-सहा मीटर उंची कागदोपत्री वाढते आणि ऑटोपायलट विमान तितकेच खाली आणतो. अर्ध्या तासाच्या उड्डाणानंतर जमिनीवर उतरलेल्या विमानाने उणे किंवा अधिक दोन-तीन मीटर दाखवले तर तो दोष समजू नये. मात्र दुपारच्या लांब मिशनमध्ये शेवटचे वेपॉइंट झाडांच्या शेंड्यांना लागून ठेवू नयेत.

चौथी पायरी: चढ, उतार आणि नियंत्रण

‘एच’ ही ‘एचडेम’च्या मागे पडत असेल किंवा चूक फक्त चढताना दिसत असेल, तर आधी मिशनचा हिशेब करावा. आर्डूप्लेनमध्ये साधा वेपॉइंट पूर्ण झाला की नाही हे केवळ आडव्या अंतरावरून ठरते. विमान उंचीवर पोहोचले नसले तरी ते थांबत नाही, पुढच्या वेपॉइंटकडे वळते. दोन वेपॉइंटांत ४०० मीटर अंतर आणि १०० मीटरचा चढ असेल, तर १५ मीटर वेगाने ते अंतर सुमारे २७ सेकंदांत संपते आणि सेकंदाला ३.७ मीटर चढावे लागते. विमान प्रत्यक्षात ३ मीटरच चढत असेल तर ते २० मीटर कमी उंचीवरून निघून जाणार. शिवाय ‘डब्ल्यूपी रेडियस’ (किती अंतरावर आल्यावर वेपॉइंट गाठला असे मानायचे तो आकडा) मूळ सेटिंगमध्ये ९० मीटर असतो, त्यामुळे विमान वेपॉइंटच्या डोक्यावर जाण्यापूर्वीच वळते आणि शेवटचा चढ बाकीच राहतो.

उंचीचा बदल मोठा असेल तेव्हा ऑटोपायलट दोन वेपॉइंटांमध्ये तिरकी रेषा धरून तो हळूहळू करतो, हेही नवख्यांना ठाऊक नसते. वाटेच्या मध्यावर विमान मधल्या उंचीवर असणे हे अपेक्षित वर्तन आहे. विशिष्ट ठिकाणापूर्वी पूर्ण उंची हवीच असेल, तर तेथे ‘लॉइटर टू ऑल्ट’ ही आज्ञा द्यावी, म्हणजे विमान घिरट्या घालत उंची गाठते आणि मगच पुढे जाते. उतरतानाही हाच हिशेब लागू होतो. फोमचे हलके विमान थ्रॉटल (मोटरची शक्ती) बंद केल्यावरही तरंगत राहते, आणि १५० मीटर अंतरात ६० मीटर खाली येण्याची आज्ञा ते पाळू शकत नाही.

मिशन विमानाच्या कुवतीत असूनही उंची मिळत नसेल तर लॉगमध्ये त्या क्षणीचे थ्रॉटल आणि पिच (नाकाचा वर-खाली कोन) पाहावे. थ्रॉटल कमाल मर्यादेला टेकले असेल तर शक्ती कमी पडते आहे: बॅटरी थकली असेल, प्रॉपेलर चुकीचा असेल, वजन जास्त असेल किंवा ‘थ्रॉटल मॅक्स’च कमी ठेवलेले असेल. थ्रॉटल शिल्लक असूनही विमान चढत नसेल तर ‘टेक्स क्लाइंब मॅक्स’ (चढण्याचा कमाल वेग) आणि पिचची वरची मर्यादा तपासावी. ‘टेक्स क्लाइंब मॅक्स’ मूळ सेटिंगमध्ये सेकंदाला ५ मीटर असते. बॅटरी अर्धी उतरलेली असताना पूर्ण थ्रॉटलवर वेग न घटवता विमान जितके चढू शकते तेवढाच आकडा तेथे भरावा; मोठा आकडा भरल्याने विमान जास्त चढत नाही, फक्त त्याचा वेग घटून स्टॉलचा (पंखांची उचल नाहीशी होण्याचा) धोका वाढतो.

जुन्या पॅरामीटर फाइल उतरवून घेणाऱ्यांनी एकके पाहावीत. आर्डूप्लेनच्या ४.५ आवृत्तीत अनेक नावे बदलली आणि सेंटिमीटरमधले आकडे मीटरमध्ये आले. घरी परतण्याची उंची पूर्वी १०००० अशी सेंटिमीटरमध्ये लिहीत, आता तेथे १०० लिहायचे असते.

विमान मागितलेल्या उंचीच्या वरखाली लाटेसारखे झुलत असेल तर क्रम पाळावा. आधी ‘ऑटोट्यून’ या स्वयंचलित ट्यूनिंगच्या मोडने पिचचे नियंत्रण बसवावे, कारण पिच ढिले असताना उंची सांभाळणाऱ्या वरच्या थराचे ट्यूनिंग टिकत नाही. मग ‘टेक्स टाइम कॉन्स्ट’ ५ वरून थोडे वाढवावे, आणि झुलणे उरलेच तर ‘टेक्स पिच डॅम्प’ वाढवावे. एका उड्डाणात एकच पॅरामीटर बदलावा. उंची फक्त वळणात पडत असेल तर ‘पीटीसीएच टू सर्व्हो रोल’ (वळणात नाक वर धरणारा) आणि ‘टेक्स रोल टू थ्रॉटल’ (वळणात थ्रॉटल वाढवणारा) हे दोन पाहावेत, बाकी कशाला हात लावू नये.

पडताळणीचे उड्डाण

दुरुस्ती झाल्यावर मिशन आधी मिशन प्लॅनरच्या सिम्युलेशनमध्ये चालवावे. फ्रेमची आणि एककाची चूक तेथे कोणतेही नुकसान न होता उघडी पडते. मैदानावर पहिले मिशन चार कोपऱ्यांचे, सर्व वेपॉइंट ‘रिलेटिव्ह ८०’ असलेले आणि नजरेच्या टप्प्यातले ठेवावे. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात मात्र ग्रीन झोन जमिनीपासून ६० मीटरपर्यंतच असतो, त्यामुळे तेथे आकडा ५० ठेवावा. सोबत एक व्यक्ती फक्त उंचीचा आकडा मोठ्याने वाचण्यासाठी असावी. आकडा १५ मीटरने ढळला की लगेच ‘एफबीडब्ल्यूए’ या (ऑटोपायलट फक्त तोल सांभाळतो अशा) मोडमध्ये जाऊन विमान हाती घ्यावे, कारण त्या मोडमध्ये उंची ऑटोपायलट सांभाळत नाही आणि खोट्या उंचीमागे तो धावत नाही. सरळ फेऱ्या नीट झाल्यावर दुसऱ्या उड्डाणात दोन कोपरे ८० आणि दोन ११० करावेत, म्हणजे चढ आणि उतार दोन्ही तपासले जातात.

प्रत्येक उड्डाणानंतर मिशन फाइल, पॅरामीटर फाइल आणि लॉग एकाच फोल्डरमध्ये ठेवावेत आणि फोल्डरच्या नावात तारीख, उड्डाणाची वेळ व मैदानाची समुद्रसपाटीपासूनची उंची लिहावी. पुढच्या वेळी उंची चुकली तर तुलना करायला मागचे चांगले उड्डाण हाताशी राहते.